मध्यरात्रीचे पन्नास किलोमीटर

२८ सप्टेंबर २०१९ची रात्र, साडेअकराची वेळ. कतारची राजधानी दोहा इथे उपसागराच्या कडेने वळत गेलेल्या कॉर्निश रस्त्यावर ४६ पुरुष सुरुवातीच्या रेषेमागे उभे होते. कुणाच्या टोपीत बर्फ भरलेला, कुणाच्या मानेभोवती बर्फाची पट्टी. जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतली पुरुषांची ५० किलोमीटर चालण्याची शर्यत सुरू होत होती आणि त्याच वेळी, त्याच रस्त्यावर महिलांचीही. ऊन टाळायचे म्हणून मध्यरात्रीची वेळ ठरवलेली. तरीही तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या आसपास होते आणि हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर.

चार तासांनंतर, पहाटे साडेतीन वाजून गेल्यावर, पहिला माणूस अंतिम रेषेवर पोहोचला. जपानच्या युसुके सुझुकीने ४ तास ४ मिनिटे २० सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. जागतिक स्पर्धेतली ही पुरुषांच्या ५० किलोमीटरची सर्वांत संथ विजयी वेळ. आदल्या स्पर्धेत, २०१७ साली लंडनला, फ्रान्सच्या योहान दिनीझने हेच अंतर ३ तास ३३ मिनिटे १२ सेकंदांत कापले होते. म्हणजे सुझुकीला ३१ मिनिटे जास्त लागली. केवळ आकडे पाहिले तर ही सुमार शर्यत वाटेल. ती तशी का नव्हती हे समजून घ्यायचे तर आधी हा खेळ खेळाडूकडून काय मागतो ते पाहावे लागेल.

दोन अटी

चालण्याच्या शर्यतीचे नियमपुस्तक जाडजूड असले तरी गाभ्यात दोनच अटी आहेत. पहिली अशी की कोणते ना कोणते पाऊल सतत जमिनीला टेकलेले असले पाहिजे. दोन्ही पाय हवेत आहेत असे नुसत्या डोळ्यांना दिसता कामा नये. दुसरी अट गुडघ्याची. पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्या क्षणापासून शरीर त्याच्यावर सरळ उभे येईपर्यंत गुडघ्यात ताठ राहिला पाहिजे.

दुसरी अट वाचताना साधी वाटते, पण शरीराची सगळी गोची तिथेच होते. धावताना गुडघा किंचित वाकतो, मांडीचा स्नायू आणि टाचेमागची शीर ताणली जाते आणि पुढच्याच क्षणी ती ऊर्जा परत मिळते. गुडघा ताठ ठेवायचा म्हटल्यावर या फुकटच्या उसळीवर पाणी सोडावे लागते. मग वेग आणायचा कुठून? चालपटू तो खुब्यांतून आणतो. पाय पुढे जाताना त्या बाजूचा खुबाही पुढे फिरतो, त्यामुळे पाऊल काही सेंटिमीटर लांब पडते. दोन्ही पावले दोन समांतर रेषांवर न पडता जवळजवळ एकाच रेषेवर पडतात. कोपरात काटकोनात वाकवलेले हात या फिरण्याला तोल देतात. पाहणाऱ्याला ही चाल लचकणारी, कधी हसू आणणारी वाटते. प्रत्यक्षात त्या लचकण्यातच सगळा वेग असतो. अव्वल चालपटू मिनिटाला दोनशेहून अधिक पावले टाकतो.

या तंत्राने माणूस किती वेगात जाऊ शकतो याचे उत्तर सुझुकीनेच दिले होते. १५ मार्च २०१५ रोजी आपल्या गावी, जपानच्या इशिकावा प्रांतातल्या नोमी इथे, त्याने २० किलोमीटर अंतर १ तास १६ मिनिटे ३६ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. म्हणजे एका किलोमीटरला ३ मिनिटे ५० सेकंद. हौशी धावपटूंपैकी बहुतेकांना पळूनही एवढ्या वेगात एक किलोमीटर जमत नाही. जवळजवळ दहा वर्षे टिकलेला हा विक्रम २०२५ साली त्याचाच देशबंधू तोशिकाझू यामानिशीने मोडला.

डोळ्यांनी तोलायचा खेळ

नियमातले ‘नुसत्या डोळ्यांना’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. संथगती चित्रफितीत पाहिले तर आघाडीचे जवळजवळ सगळेच चालपटू प्रत्येक पावलाला क्षणभर हवेत असतात. पण हा क्षण सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका किंवा त्याहून लहान असेल तर माणसाच्या डोळ्याला तो सहसा टिपता येत नाही. म्हणून कॅमेऱ्याचा पुरावा इथे चालत नाही. पंचाने स्वतः पाहिले तेच खरे.

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुख्य पंच धरून जास्तीत जास्त नऊ पंच असतात. मार्ग मुद्दामच एक ते दोन किलोमीटरच्या फेरीचा आखतात, म्हणजे प्रत्येक खेळाडू प्रत्येक पंचासमोरून पुन्हा पुन्हा जातो. चाल बिघडते आहे असे वाटले तर पंच पिवळी पाटी दाखवतो. तिच्यावर नागमोडी रेघ असेल तर जमिनीशी संपर्क तुटतो आहे, कोनाची खूण असेल तर गुडघा वाकतो आहे. ही झाली ताकीद. चूक उघड दिसली की पंच लाल कार्ड भरून मुख्य पंचाकडे पाठवतो. पंच आपसांत सल्लामसलत करत नाहीत आणि एका खेळाडूला एक पंच एकदाच लाल कार्ड देऊ शकतो.

पूर्वी तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डे जमली की खेळाडू थेट बाद व्हायचा. आता तिसऱ्या कार्डानंतर त्याला रस्त्याकडेच्या दंडकक्षात थांबवून ठेवतात: २० किलोमीटरला २ मिनिटे, ३५ला साडेतीन, ५०ला ५. हिशेब केला तर किलोमीटरमागे ६ सेकंद. चौथे कार्ड आले की मात्र तो बाद होतो.

जुन्या पद्धतीत काय घडू शकत होते याचे सर्वांत बोलके उदाहरण २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकचे. २० किलोमीटरच्या शर्यतीत मेक्सिकोचा बेर्नार्दो सेगुरा पहिला आला. त्याचा जल्लोष सुरू झाला, मायदेशातून राष्ट्राध्यक्षांचा फोन आला आणि त्यानंतर त्याला कळले की तिसरे लाल कार्ड आधीच पडले होते. सुवर्ण पोलंडच्या रॉबर्ट कोझेन्योव्स्कीला मिळाले. याच कोझेन्योव्स्कीने १९९६, २००० आणि २००४ अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये ५० किलोमीटरची शर्यत जिंकली.

चालण्याच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्यात जीव तोडून वेग वाढवणे धोक्याचे असते ते याचमुळे. थकलेले शरीर आपोआप पळू पाहते. गुडघा वाकवला तर बरे वाटते, उडी मोठी घेतली तर वेग वाढतो. पण दोन्ही वाटा बंद आहेत. शेजारून कुणी पुढे गेला तरी आपण किती वेगाने जाऊ शकतो यापेक्षा किती वेगाने चालू शकतो याच प्रश्नाला चिकटून राहावे लागते. या खेळात मुरलेले लोक ताकदीइतकाच संयमही मोजतात.

घाम उडत नाही तेव्हा

दोहाने या संयमाला आणखी एक परिमाण दिले. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो. उरलेली सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकली नाही तर शरीराचे आतले तापमान चढत जाते. श्रमाच्या वेळी ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. अट एवढीच की वाफ झाली पाहिजे. अंगावरून ओघळून रस्त्यावर पडलेला घाम शरीराला गार करत नाही, नुसते पाणी आणि मीठ घेऊन जातो.

माठातले पाणी नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात गारेगार होते आणि मुंबईच्या दमट हवेत तेवढे होत नाही. त्यामागचे आणि दोहातल्या चालपटूंच्या हालांमागचे कारण एकच: हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर ती आणखी बाष्प घेत नाही. रात्री ऊन नसते हे खरे. पण समुद्रकाठी रात्रीच आर्द्रता चढते. संयोजकांनी सूर्य टाळला आणि त्याच्या जागी दमट हवा पदरात घेतली.

धोक्याची घंटा आदल्याच रात्री वाजली होती. महिलांच्या मॅरेथॉनमध्ये ६८ जणी धावायला उतरल्या आणि ४० जणीच शेवटपर्यंत पोहोचल्या. विरोधाभास असा की स्पर्धेचे मुख्य ठिकाण असलेले खलिफा स्टेडियम वातानुकूलित होते. गोळाफेक, उंच उडी, शंभर मीटर धावणे हे सगळे थंड हवेत पार पडत होते. ज्यांना सर्वांत जास्त वेळ श्रम करायचे होते तेच तेवढे उघड्या रस्त्यावर होते. दिनीझने या व्यवस्थेवर जाहीर टीका केली. आम्हाला प्रयोगशाळेतले प्राणी समजले जात आहे, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. वैद्यकीय पथकांनी या स्पर्धेत अनेक खेळाडूंच्या शरीराचे तापमान गिळायच्या इवल्याशा तापमापक गोळ्यांनी नोंदवलेही. पुढच्या काळातल्या उष्ण स्पर्धांसाठी ती माहिती मोलाची ठरली.

शर्यत

सुझुकीने सुरुवातीपासून आघाडी घेतली. इतर मोठी नावे एकेक करून गळू लागली. विश्वविक्रमवीर आणि गतविजेता दिनीझ शर्यत अर्ध्यावर येण्याआधीच बाजूला झाला. रिओ ऑलिंपिकचा विजेता, स्लोव्हाकियाचा मातेय टोटही शेवटपर्यंत पोहोचला नाही. शर्यत संपली तेव्हा ४६ जणांपैकी २८ जणांच्याच नावापुढे वेळ होती.

उत्तरार्धात सुझुकीकडे काही मिनिटांची आघाडी होती आणि शरीर दगा देऊ लागले होते. इथे त्याने जे केले ते या शर्यतीचे मर्म म्हणावे लागेल. त्याने वेग उतरवला. पाण्याच्या टेबलापाशी आला की जवळजवळ थांबून तो नीट प्यायचा, अंग भिजवायचा आणि मग पुढे निघायचा. घाईने पकडलेल्या बाटलीतले निम्मे पाणी सांडते. थांबून प्यायले तर ते पोटात जाते. हातातली आघाडी तो सेकंदासेकंदाने पाण्यासाठी खर्च करत होता. मागचे दोघे वेगाने जवळ येत होते, पण उरलेले अंतर आणि उरलेली आघाडी यांचा मेळ त्याने बरोबर बसवला. अंतिम रेषेवर ३९ सेकंद शिल्लक होते. चालण्याच्या शर्यतीत जागतिक सुवर्णपदक जिंकणारा तो पहिला जपानी.

दुसरा आला पोर्तुगालचा ज्वांव व्हिएरा, ४ तास ४ मिनिटे ५९ सेकंदांत. त्याचे वय होते ४३. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेच्या इतिहासात एवढ्या वयात पदक मिळवणारा दुसरा कुणी नाही. तरुण चालपटूंचा वेग त्याच्याकडे नव्हता, पण आपल्या शरीराची पुरती ओळख होती आणि त्या रात्री वेगापेक्षा तीच कामी आली.

त्याच्या मागे अवघ्या तीन सेकंदांनी कॅनडाचा इव्हान डनफी. रात्री शर्यत सुरू झाली त्या दिवशी त्याचा २९वा वाढदिवस होता. बराच काळ मागे राहून त्याने एकेकाला गाठत कांस्यपदक मिळवले. तीन वर्षांपूर्वी रिओमध्ये हेच पदक त्याच्या हातून निसटले होते. शेवटच्या टप्प्यात जपानच्या हिरोओकी अराईशी त्याची धक्काबुक्की झाली, कॅनडाच्या तक्रारीवरून अराई बाद ठरला आणि जपानच्या अपिलानंतर पुन्हा तिसरा ठरला. क्रीडा लवादाकडे जायचा मार्ग मोकळा असूनही डनफीने तो घेतला नाही आणि चौथे स्थान मान्य केले. दोहातल्या पदकाला ही पार्श्वभूमी होती.

भारताच्या नजरेतून

दोहातल्या उष्म्याने किती वेळ खाल्ला हे कळायला भारतीयांचे आकडे उपयोगी पडतात. केरळच्या के. टी. इरफानने मार्च २०१९मध्ये नोमी इथल्या आशियाई स्पर्धेत २० किलोमीटर १ तास २० मिनिटे ५७ सेकंदांत चालून टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली होती; ॲथलेटिक्समध्ये ती मिळवणारा तो पहिला भारतीय. जवळजवळ सात महिन्यांनी, ४ ऑक्टोबरच्या रात्री, तोच इरफान दोहाच्या रस्त्यावर २७वा आला आणि त्याला १ तास ३५ मिनिटे २१ सेकंद लागले. माणूस तोच, अंतर तेच, फरक चौदा मिनिटांहून अधिक. ती शर्यत जिंकणाऱ्या यामानिशीलाही १ तास २६ मिनिटे ३४ सेकंद लागले होते.

या खेळात भारताची परंपरा अनेकांना वाटते त्याहून जुनी आहे. १९७८च्या बँकॉक आशियाई खेळांत हकम सिंग आणि १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांत चांद राम यांनी २० किलोमीटरचे सुवर्ण जिंकले होते. त्यानंतरचे असे विजेतेपद थेट २०१६ साली आले. गुरमीत सिंगने आशियाई अजिंक्यपद पटकावले तेही सुझुकीच्या त्याच नोमी गावात.

पहिली शर्यत, शेवटची शर्यत

दोहाच्या त्या रात्रीला आणखी एक महत्त्व आहे आणि त्यासाठी १९७६ सालापर्यंत मागे जावे लागते. ५० किलोमीटर चालण्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये आली १९३२ साली. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमधून मात्र ती वगळण्यात आली. तोपर्यंत ॲथलेटिक्सची स्वतंत्र जागतिक स्पर्धा नव्हतीच. ऑलिंपिक हीच जागतिक स्पर्धा मानली जायची. वगळल्याला उत्तर म्हणून आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने १८ सप्टेंबर १९७६ रोजी स्वीडनमधल्या माल्मो शहरात या एकाच शर्यतीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. सोव्हिएत संघाचा व्हेनियामिन सोल्दातेन्को ३ तास ५४ मिनिटे ४० सेकंदांत जिंकला. पूर्ण स्वरूपातली जागतिक स्पर्धा १९८३ साली हेलसिंकीला सुरू झाली. आज बोल्टपासून नीरज चोप्रापर्यंतची नावे ज्या स्पर्धेच्या विजेत्यांत आहेत तिची पहिली शर्यत ही अशी चालण्याची, तीही ऑलिंपिकने नाकारलेली.

१९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ती परत आली. पण पुढे चार तासांची शर्यत दूरचित्रवाणीला लांब वाटू लागली. शिवाय टोकियोपर्यंत आल्यावर ऑलिंपिक ॲथलेटिक्समधला ज्याला महिलांचा जोड नाही असा हा एकच प्रकार उरला होता. ऑलिंपिकमध्ये महिलांनाही ५० किलोमीटर देण्याऐवजी पुरुषांचीच शर्यत काढून टाकायचा निर्णय झाला. जागतिक स्पर्धेत २०२२पासून तिच्या जागी ३५ किलोमीटर आले. त्यामुळे दोहाची शर्यत ही जागतिक स्पर्धेतली ५० किलोमीटरची शेवटची ठरली. तिच्यातला उपविजेता व्हिएरा माल्मोची पहिली शर्यत झाली त्याच वर्षी, १९७६ साली जन्मला होता.

काय बदलले

दोहाचा धसका पहिल्यांदा घेतला तो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने. स्पर्धा संपून दोन आठवडेही झाले नव्हते तोच, १६ ऑक्टोबर २०१९ रोजी, टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यती उत्तरेकडे सुमारे ८०० किलोमीटरवरच्या सापोरो शहरात हलवण्याचा बेत तिने जाहीर केला. ऑगस्ट २०२१मध्ये तिथे ऑलिंपिकची अखेरची ५० किलोमीटर शर्यत झाली. पोलंडचा दाविद तोमाला जिंकला, डनफीला पुन्हा कांस्य मिळाले आणि ४५ वर्षांचा व्हिएरा पाचवा आला.

सुझुकी तिथे नव्हता. जगज्जेता म्हणून त्याची निवड पक्की झालेली होती, शर्यत त्याच्याच देशात होती. पण दोहानंतर त्याचे शरीर पूर्ववत झाले नाही आणि ऑलिंपिकच्या काही आठवडे आधी त्याने माघार घेतली. एवढ्या संयमाने, पाण्याच्या घोटाघोटाचा हिशेब ठेवून चाललेल्या माणसालाही त्या रात्रीची किंमत मोजावी लागली, याचा अर्थ परिस्थितीच संयमाच्या पलीकडची होती.

सप्टेंबर २०२५मध्ये जागतिक स्पर्धा टोकियोत झाली तेव्हा उकाड्याचा अंदाज पाहून ३५ किलोमीटरची सुरुवात अर्धा तास अलीकडे, सकाळी साडेसातला घेण्यात आली. ती शर्यत डनफीने २ तास २८ मिनिटे २२ सेकंदांत जिंकली. २०२६पासून अंतरे पुन्हा बदलली आहेत. आता मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन एवढी लांबी चालायची.

अंतरे बदलतात तेव्हा जुन्या नोंदी निरुपयोगी वाटू लागतात, आणि पुरुषांच्या ५० किलोमीटरच्या जागतिक विजेत्यांच्या यादीत सुझुकीची वेळ तर सर्वांत तळाला आहे. ती वाचताना बाजूला तापमान आणि आर्द्रताही लिहावी, म्हणजे तळाचा आकडा तळाचा वाटणार नाही. चालपटू गुडघा वाकवण्याचा मोह आवरतो, सोबतच्याच्या मागे वेडावाकडा वेग वाढवण्याचा मोह आवरतो; त्याच्यावर नजर ठेवायला नऊ पंच असतात. स्पर्धा कुठे आणि कोणत्या ऋतूत भरवायची हे ठरवणाऱ्यांवर मात्र त्या वेळी असा एकही पंच नव्हता. सापोरोचा निर्णय आणि टोकियोतला तो अर्धा तास पाहता, पहिली पिवळी पाटी त्यांना दोहाने दाखवली असे म्हणता येईल.